महामार्गाचे काँक्रीट आणि रस्त्याकडेची कला

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा हमरस्ता नाशिक शहरात शिरण्यापूर्वी त्रिरश्मी डोंगराच्या पायथ्यावरून जातो. या डोंगरातील लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. पण नाव पडले ते पडले. एकंदर चोवीस लेणी आहेत. त्यांतील तिसऱ्या क्रमांकाचे लेणे गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने भिक्षूंना दान दिले. त्याच्या ओसरीपुढे उभे राहून जरा खाली पाहावे. अर्धे जमिनीत रुतलेले, अर्धे वर आलेले सहा बलदंड यक्ष तेथे जाड तुळया खांद्यावर घेऊन उभे आहेत, आणि सगळे लेणे जणू त्यांनीच उचलून धरले आहे. वस्तुतः लेणे अखंड डोंगरात कोरलेले. त्याला कोणाच्या खांद्याची गरज नाही. तरी पाथरवटाला वाटले की येथे भार आहे, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे.

आता डोंगर उतरून खाली या. याच हमरस्त्यावर नाशिक शहरातून सुमारे सहा किलोमीटर लांबीचा उड्डाणपूल २०१३ साली वाहतुकीला खुला झाला. त्याचे खांब मात्र खरोखरीच भार पेलतात, रात्रंदिवस पेलतात. पण त्यांच्याकडे मान वर करून पाहावे असे कोणाला वाटत नाही. कोणत्याही शहरातल्या पुलाचे खांब घ्या: खाली पानाच्या पिचकाऱ्या, त्याच्या वर शिकवणीवर्गाची पत्रके, त्याच्याही वर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. दोन हजार वर्षांपूर्वी ज्याला भार नव्हता त्याला आपण भार पेलणारे रूप दिले. आज ज्याला भार आहे त्याला रूपच नाही. हे असेच चालायचे, की काँक्रीटच्या कामात चित्र, शिल्प, नक्षी यांना जागा देता येते, हा आजचा विषय आहे.

कोणी म्हणेल, रस्ता हा जाण्यासाठी असतो, पाहण्यासाठी नव्हे. खड्डे बुजवा म्हणजे पुष्कळ झाले. खड्डे बुजवायला कोणाची हरकत नाही. पण आपल्या मुलखात रस्ता आणि कला ही वेगळी खाती कधी नव्हती. त्याच पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे वाटसरूंसाठी विश्रामगृहे बांधली, विहिरी आणि तळी खोदली, पारदा, दमणा, तापी, डहाणुका अशा नद्यांवर फुकट तरीची सोय केली, आणि नद्यांच्या दोन्ही काठांवर पाणपोया घातल्या. यांतील गोवर्धन म्हणजे आपल्या नाशिकजवळचेच. आजच्या भाषेत बोलायचे तर हा सार्वजनिक बांधकाम खात्याचा अहवालच झाला, आणि तो कोठे लिहिला, तर कोरीव खांबांच्या ओसरीत.

जुन्नरकडून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाची गोष्ट याहून बोलकी आहे. घाटाच्या माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत असे सांगतात. शेजारच्या गुंफेत सातवाहन राजघराण्यातील माणसांचे पुतळे भिंतीत कोरलेले होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव होते: सिमुक, श्री सातकर्णी, राणी नागनिका वगैरे. घाट चढून दमलेला व्यापारी तेथे टेकणार आणि हा घाट कोणी राखला ते त्याला दिसणार, अशी ही योजना. पुतळे आज राहिलेले नाहीत. नावे आहेत. भिंतीतून पुढे आलेले आधी जाते आणि भिंतीत आत खोदलेले मागे राहते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, काँक्रीटकडे वळल्यावर ती कामाला येईल.

राजेरजवाडे सोडा, आपल्या गावच्या वेशीवर पाहा. शेंदूर फासलेला वीरगळ तेथे असण्याचा संभव आहे. तो खालून वर वाचायचा: तळाच्या चौकटीत लढाई, मधल्यात अप्सरा वीराला घेऊन चालल्या आहेत, वरच्यात तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे कीर्ती तोवर टिकावी. कोठे गद्धेगळही सापडतो. दान दिलेली जमीन जो बळकावील त्याला दिलेली शिवी त्यावर चित्रातच कोरलेली असते. शिवी कोणती, ते येथे सांगण्यासारखे नाही! पण ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही कायदा समजत होता, हे महत्त्वाचे. येणारेजाणारे वाचतील म्हणूनच हे दगड वाटेवर रोवलेले असत.

मग आजच्या रस्त्यावर हे का नाही? एक कारण असे की जुनी वाट गावातून जाई, नवी वाट गावाला टाळून किंवा गाव कापून जाते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि रस्ता पुरा झाला. सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून तो जातो. दोन्ही बाजूंना कुंपण असल्यामुळे प्रवासी मध्येच थांबत नाही, चहा घेत नाही, गावाचे नाव विचारीत नाही. कित्येक ठिकाणी शेत इकडे आणि घर तिकडे. गावकऱ्याचा त्या रस्त्याशी येणारा संबंध म्हणजे खालून जाणारा भुयारी मार्ग, सिमेंटची एक पेटी! बैलगाडी, शाळेची मुले, लग्नाची वरात, अंत्ययात्रा, सगळी त्यातून. तीच आता गावाची वेस आहे. जुन्या वेशीला कमान होती, कोनाडा होता, मारुती होता. या वेशीला काय आहे? पावसाळ्यात साचलेले पाणी. म्हणून मला हा प्रश्न नुसत्या शोभेचा वाटत नाही. रस्त्याने गावाकडून जमीन घेतली. त्या बदल्यात गावाची काही खूण रस्त्यावर राहणार की नाही, असा तो प्रश्न आहे.

आता कारागिरीकडे येऊ. काँक्रीटवर कला आणण्याच्या मुख्य रीती दोन: एक रंगवणे, दुसरी ओतणे.

रंगवणे सोपे दिसते, पण काँक्रीट हा रंगाचा मोठा वैरी आहे. ओले सिमेंट अतिशय क्षारयुक्त असते, चुन्याच्या निवळीसारखे. कामाला पूर्ण बळ येण्यासाठी अठ्ठावीस दिवस धरतात, आणि ओल निघायला त्याहूनही वेळ लागतो. उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून कोवळ्या भिंतीवर रंग चढवला की आतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, भिंतीला लोणा लागतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. रंगद्रव्याचाही गुण पाहावा लागतो. प्रशियन ब्लू नावाचा सुंदर निळा रंग क्षाराने मरतो आणि तपकिरी पडतो. उलट गेरू, पिवडी, काजळी, चुना यांना क्षाराचे भय नाही. म्हणजे आपल्या आयाबहिणी ज्या रंगांनी घराच्या भिंती सजवीत आल्या, तेच रंग सिमेंटशी जमवून घेतात. जर्मनीतील बव्हेरियात केइम नावाच्या कारागीर-संशोधकाने १८७८ साली सिलिकेटच्या रंगाचे पेटंट घेतले. तो रंग भिंतीवर पापुद्र्यासारखा न बसता भिंतीच्या अंगातच मिसळतो. महाग पडतो, पण टिकतो. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, हवेची. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात सिन्नर-येवल्याकडे अवर्षण. तिकडे शेवाळ चढून चित्र काळे पडेल, इकडे उन्हाने विटेल. एकच रंग आणि एकच ठेकेदार साऱ्या जिल्ह्याला चालणार नाही.

दुसरी रीत ओतण्याची, आणि माझे मत विचाराल तर महामार्गाला हीच खरी. काँक्रीट हा मुळात ओतीव पदार्थ आहे. ज्या साच्यात घालाल त्याचा ठसा घेतो. फळीवरच्या लाकडाच्या रेषासुद्धा उमटतात. चंडीगढला ल कॉर्ब्युझिए या वास्तुशिल्पज्ञाने हेच केले. सूर्याचा मार्ग, बैल, मासा, हात वर केलेला माणूस असे आकार लाकडात कापून सेंट्रिंगच्या फळ्यांना आतून बसवले आणि काँक्रीट ओतले. फळ्या काढल्यावर आकार भिंतीत आत रुतलेले. हे चित्र खरवडता येत नाही, त्याचे पोपडे निघत नाहीत, आणि पुन्हा रंग देण्याचे टेंडरही काढावे लागत नाही.

आता लाकडाऐवजी रबरासारख्या लवचिक पदार्थाचे नक्षीदार पट्टे मिळतात. बांधकामवाले त्याला फॉर्मलायनर म्हणतात. ते साच्याच्या आत अंथरतात, काँक्रीट ओततात, बेतशीर घट्ट झाले की सोलून काढतात, आणि तोच पट्टा पुन्हा पुन्हा वापरतात. उड्डाणपुलाला चढताना दोन्ही बाजूंना तुकड्यातुकड्यांची भिंत असते आणि मधे भराव असतो, ती आपण पाहिली असेल. भरावात आडव्या पट्ट्या घालून तो त्याच्याच वजनाने धरून ठेवण्याची ही युक्ती फ्रान्समधील ऑन्री व्हिदाल या अभियंत्याने १९६० च्या सुमारास काढली. भिंतीचे ते तुकडे, साधारण दीड मीटर लांबरुंद, कारखान्यात किंवा कामाच्या आवारात जमिनीवर आडवे ओतले जातात. नक्षीला याहून सोयीची जागा कोणती? साच्याचा खर्च एकदाच; मग तुकडे शंभर असोत की हजार. पुष्कळ ठिकाणी या तुकड्यांवर काहीतरी चौकट नाहीतर फूल असतेही. पण ते कारखान्यात शिल्लक असलेल्या साच्याचे. नाशिकलाही तेच, नागपूरलाही तेच.

ओतण्याला नियम मात्र आहेत. काँक्रीटच्या आत लोखंडी सळई असते आणि तिच्यावर दीड-दोन इंचांचे आवरण राखावे लागते. नक्षी इंचभर आत गेली तर आवरण तेवढे कमी होते, पाणी आत शिरते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फुटते. म्हणून नक्षीची खोली आवरणावर जादा धरायची, आवरणातून चोरायची नाही. कडा किंचित उतरत्या ठेवायच्या, नाहीतर साचा सुटताना कोपरे तुटतात. आडव्या खाचेत धूळ व पाणी साठते आणि पहिल्याच पावसात खाली काळे ओघळ येतात, तेव्हा खाचेचा तळ बाहेर उतरता हवा. भिंतीतून पाणी निघायची भोके असतात. ती शोभेसाठी बुजवाल तर भिंतीमागचे पाणी भिंत ढकलील. शिवाय खांबांना जाड गिलावा किंवा फरशी चिकटवू नये, हे अभियंत्यांचे म्हणणे मला अगदी रास्त वाटते. पुलाची तपासणी करणाऱ्याला तडा दिसला पाहिजे, गंजाचा डाग दिसला पाहिजे. चित्राखाली पुलाचे दुखणे झाकले गेले तर ते चित्र नव्हे, मलमपट्टी झाली.

काढायचे काय, हा प्रश्न याहून अवघड आहे. आधी थोडे गणित करू. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दोनशे मीटरची भिंत तिच्यासमोरून नऊ सेकंदांत संपते, म्हणजे दीड मीटरचे चौदा-पंधरा तुकडे दर सेकंदाला सरकतात. तेवढ्यात शिवरायांचा राज्याभिषेक दाखवू म्हणाल तर ते जमायचे नाही; आणि चालकाने तो पाहावा अशी इच्छाही धरू नका! तेथे अक्षरे नकोत, चेहरे नकोत. मोठे, साधे, लयीने पुन्हा पुन्हा येणारे आकार हवेत. उलट पुलाखालचा मनुष्य चालत असतो. त्याला तीच भिंत ओलांडायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. बसची वाट पाहणारा तर अर्धा तास तिच्याकडे तोंड करून उभा असतो. बारीक काम, गोष्ट, नावे, इतिहास, सारे त्याच्यासाठी. वरच्यासाठी वेगळी कला आणि खालच्यासाठी वेगळी. आपल्याकडे बहुधा उलट होते: वर जाहिरात, खाली काळोख.

आणि पुन्हा पुन्हा येणारा आकार म्हटला की येवल्याला जायला हवे. पैठणीचा काठ म्हणजे तरी काय? एकच आकृती लयीने चाललेली. जी नक्षी विणकराने पुनरावृत्तीसाठीच घडवली ती साच्याच्या भिंतीला जितकी शोभेल तितका एखाद्या पुढाऱ्याचा मुखवटा शोभणार नाही. तोच चेहरा हजार वेळा पाहून प्रवासी घाबरायचा. नाशिक म्हटले की द्राक्षाचा घड काढायचा, हीही एक खोड आहे. द्राक्षे पिंपळगावला शोभतात. पेठ-सुरगाण्याच्या वाटेवर बोहाड्याचे मुखवटे का नकोत? लासलगावच्या पुलावर कांदा काढला तर हसू नका, त्याचे पापुद्रे फार सुंदर असतात.

वारली चित्रांबद्दल जरा थांबून बोलले पाहिजे, कारण सार्वजनिक भिंत दिसली की आजकाल पहिली धाव तिकडे जाते. ही कला मुळात घरातली: शेणाने सारवलेल्या, गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, लग्नाच्या वेळी सुवासिनींनी काढायची. चौकात पालघट देवी असते आणि तो चौक म्हणजे पूजा असते, शोभा नव्हे. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. तेव्हा कला घराबाहेर पडली यात वावगे नाही. तारप्याचा नाच, शेत, पाखरे, झाडे खुशाल काढावीत. पण लग्नाचा चौक उचलून पुलाच्या खांबावर छापायचा, तोही शहरातल्या रंगाऱ्याने पत्र्याचा छाप लावून, आणि ज्यांची कला आहे त्या पाड्यावरच्या बायांना एक पैसाही नाही, हे मला मान्य नाही. बिलात रंगाच्या डब्यांची किंमत असते, तशी चित्र काढणाऱ्याची मजुरी स्वतंत्र लिहिलेली असावी.

बाहेरच्या जगातली एक हकीकत सांगतो. अमेरिकेत सॅन दिएगो शहरात मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची एक वस्ती आहे. १९६० नंतरच्या दशकात आधी महामार्गाने ती वस्ती चिरली, मग १९६९ मध्ये खाडीवरच्या कोरोनाडो पुलाचे खांब तिच्या डोक्यावर आले. पुलाखालच्या जागेत बाग देऊ असे लोकांना सांगण्यात आले होते. २२ एप्रिल १९७० रोजी लोकांना दिसले की तेथे बुलडोझर आले आहेत, आणि बाग नव्हे तर महामार्ग पोलिसांचे ठाणे होणार आहे. बायामुले, विद्यार्थी, म्हातारे, सगळे जाऊन यंत्रांपुढे उभे राहिले आणि जागा अडवून बसले. त्यांनी स्वतः जमीन खणून झाडे लावली. अखेर बाग मंजूर झाली. पुढे १९७३ पासून त्यांच्यातल्याच चित्रकारांनी पुलाच्या उघड्याबोडक्या खांबांवर आपल्या लोकांचा इतिहास रंगवायला घेतला. ज्या खांबांनी वस्ती मोडली तेच खांब वस्तीचे झाले. ती जागा आज चिकानो पार्क म्हणून प्रसिद्ध आहे आणि तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला आहे. तेथले चित्र विटले तर लोक स्वतः दुरुस्त करतात, कारण ते त्यांनी मागून घेतलेले आहे.

उलट उदाहरण मेक्सिको शहराचे. १९६८ च्या ऑलिंपिकसाठी तेथे माथियास गोएरिट्झ याच्या योजनेनुसार सतरा किलोमीटरच्या रस्त्याकडेला निरनिराळ्या देशांच्या शिल्पकारांनी काँक्रीटची एकोणीस प्रचंड शिल्पे उभारली. गाडीतून जाताना दिसावीत असाच त्यांचा आकार. काम नामांकित होते. पण सोहळा संपला, शिल्पांना वाली उरला नाही, भोवती झाडोरा आणि जाहिराती वाढल्या. पुढे रस्त्यावर दुसरा मजला चढवला तेव्हा कित्येक शिल्पे उचलून दुसरीकडे न्यावी लागली. आपल्याकडेही सिंहस्थाच्या आधी भिंती रंगतात. त्या रंगांकडे पुढची बारा वर्षे कोण पाहणार, हे त्याच वेळी लिहून ठेवलेले बरे.

आमच्या पुण्याच्या वाटेवर नाही तरी मुंबईत एक चांगले काम झाले आहे, तेही सांगून टाकतो. माटुंग्याला उड्डाणपुलाखालची जागा नागरिकांनी मागून घेतली आणि तेथे २०१६ साली नानालाल मेहता उद्यान झाले. सुमारे सहाशे मीटरची पायवाट नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणे घेत जाते. खर्चिक काम नाही; पण पुलाखाली माणसे फिरायला येतात.

खेड्यातल्या मंडळींनी आणि शिक्षकांनी काय करावे, असे विचाराल तर पहिली गोष्ट वेळेची. साचा ओतण्याआधी सांगितले तर नक्षीचा खर्च भिंतीच्या खर्चात सहज सामावतो. भिंत उभी राहिल्यावर सांगितले तर फक्त रंग उरतो. म्हणून रस्त्याची आखणी, जमिनीची मोजणी, हरकतींची सुनावणी चालू असते तेव्हाच ग्रामसभेने ठराव करावा की भुयारी मार्गाच्या तोंडाशी आमच्या गावाचे नाव आणि अमुक आकृती ओतून मिळावी, तेथे दिवा असावा, पाण्याला वाट असावी. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते आधी पाहावे: राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम खाते, रस्ते विकास महामंडळ की जिल्हा परिषद, अर्ज भलतीकडे गेला तर वर्ष तेथेच जाते. आणि बांधून झालेल्या भिंतीवर लेखी परवानगीशिवाय मुलांना रंग घेऊन पाठवू नये. सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध आपल्या राज्यात १९९५ चा कायदा आहे. हेतू चांगला असला तरी गुरुजींना तो समजावून सांगत बसावे लागेल.

आकृती कोणती चालेल, हे ठरवायला चित्रकला परीक्षा लागत नाही. शाळेच्या मैदानात खडूने किंवा फक्कीने दीड मीटरचे दहा चौकोन ओळीने आखा आणि मुलांनी सुचवलेली आकृती दहाही चौकोनांत काढा. मग एका मुलाला सायकलवर बसवून तीस पावलांवरून न थांबता जाऊ द्या, आणि त्याला काय दिसले ते त्याने पाटीवर काढून दाखवावे. पाटीवर जे उरेल तेवढेच साच्यात घाला. बाकीचे पुलाखाली, बसची वाट पाहणाऱ्यांसाठी ठेवा.